कबऱ्या गाईचे दिवस

आयर्लंडच्या खेड्यांत एप्रिलचे पहिले तीन दिवस ‘कबऱ्या गाईचे दिवस’ म्हणून ओळखले जातात. त्यामागची लोककथा अशी. एका म्हाताऱ्या कबऱ्या गाईनं मार्च महिना कसाबसा काढला आणि महिना सरताना ती फुशारकी मारू लागली: एवढा मार्च गेला, पण माझं काही वाकडं झालं नाही. मार्चला ते झोंबलं. त्यानं एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि त्या तीन दिवसांच्या गारठ्यानं आणि वादळी पावसानं गाय मेली. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण गाय मरते ती ऐन हिवाळ्यात मरत नाही, हिवाळा संपला असं वाटायला लागल्यावर मरते, हे सगळीकडे सारखंच. ही कथा रचणाऱ्यांना गोठ्याची चांगली माहिती होती. हिवाळ्यात गारठा जास्त असला तरी वैरण भरलेली असते आणि जनावराच्या अंगावर मांस असतं. मार्चअखेर दोन्ही संपत आलेलं असतं, आणि बाहेरचं गवत अजून उठलेलं नसतं.

आपल्याकडे वसंत म्हटला की पळस, आंब्याचा मोहोर आणि दिवसेंदिवस चढत जाणारं ऊन आठवतं. आयर्लंडच्या परंपरेत वसंत सुरू होतो १ फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या सणाला. तेव्हा तिथं दिवस लहान असतो, आकाश राखाडी असतं, आणि अटलांटिकवरून एकामागून एक ढग येत असतात. या सुमाराला गंजीतली निम्मी वैरण शिल्लक असली पाहिजे, असा जुन्या शेतकऱ्यांचा हिशेब होता. आज गंजीची जागा मुरघासानं घेतली आहे, पण हिशेब तोच आहे.

हा देश आकारानं महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही थोडा लहान आहे, आणि त्याच्या शेतजमिनीचा नऊ दशांशाहून जास्त भाग गवताखाली आहे. २०२० सालच्या शेतीगणनेनुसार तिथं सुमारे १ लाख ३५ हजार शेतं होती, सरासरी ३३.४ हेक्टरची, म्हणजे साधारण ८२ एकरांची. आपल्या मानानं हा आकडा मोठा वाटेल, पण यातली जवळजवळ सगळी शेतं एकेका घराची आहेत. नवरा-बायको, हाताशी आलेला मुलगा किंवा मुलगी, आणि बऱ्याचदा अजूनही ट्रॅक्टर न सोडणारे वडील, एवढ्यांवर ती चालतात. ज्वारी-बाजरी नाही, ऊस नाही. पीक म्हणजे गवत, आणि ते कापून विकायचं नसतं. गाईच्या पोटातून दूध होऊन ते बाहेर पडतं. आयर्लंडचं लोणी, चीज आणि दुधाची भुकटी जगभर जाते ती या गवताच्या जोरावर.

गवत फुकट उगवतं असं आपल्याला वाटतं. पण तिथल्या कुरणांत जे गवत मुद्दाम पेरलेलं असतं, ते बारमाही रायगवत फार नेमानं वागतं. जमिनीचं तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय ते नीट वाढायला लागत नाही. त्याच्या प्रत्येक फुटव्यावर एका वेळी तीनच जिवंत पाती राहतात. चौथं पान आलं की पहिलं सुकू लागतं. भर हिवाळ्यात एक नवं पान यायला महिनाभर लागू शकतो, मे महिन्यात तेच पान आठवडाभरात येतं. मधला जो मार्च-एप्रिलचा काळ, त्यात सगळं गणित थंडीच्या एक-दोन अंशांवर येऊन अडतं. हवा आठ अंश आहे की सहा, याची शहरातल्या माणसाला दखलही नसते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं मात्र त्या दोन अंशांत गवत वाढणं आणि गवत थांबणं असतं.

पावसाची गोष्ट वेगळीच आहे. आयर्लंडमध्ये वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईच्या वार्षिक पावसाच्या तो जेमतेम निम्मा आहे. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथला बारा महिने झिरपत राहतो. पूर्व आणि आग्नेय भागात वर्षाचे सुमारे १५० दिवस पावसाचे, पश्चिमेला २२५ दिवसांच्या आसपास. हिवाळ्यात ऊन तिरपं आणि अपुरं, गवत झोपलेलं, त्यामुळे जमिनीतलं पाणी वर जायला वाटच नसते. नोव्हेंबरात जमीन एकदा तुडुंब भरली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत भरलेलीच राहते. वर पडणारा प्रत्येक थेंब एकतर खाली निचरतो नाहीतर पृष्ठभागावर साचतो. कॉर्क आणि वॉटरफर्डकडच्या भुसभुशीत, निचऱ्याच्या जमिनी दोन कोरड्या दिवसांत पाय ठेवण्याजोग्या होतात. लीट्रिम, कॅव्हन, मॉनहनकडच्या चिकट, निळसर-करड्या जमिनींना तेवढ्यासाठी आठवडे लागतात. एकाच देशात, एकाच दिवशी, एका शेतकऱ्याच्या गाई कुरणात आणि दुसऱ्याच्या अजून गोठ्यात, असं चित्र दर वसंतात दिसतं.

गारवा आणि ओल एकत्र आले की एकमेकांना बळ देतात. पाणी तापायला मातीच्या मानानं कितीतरी जास्त उष्णता लागते, म्हणून ओली जमीन उशिरा तापते. जे थोडं ऊन मिळतं त्यातलंही बरंचसं पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. पाण्यानं मातीतली हवा हुसकावली की मुळं गुदमरतात. हवेविना जगणारे जिवाणू मातीतल्या नायट्रेटचं वायूत रूपांतर करून ते उडवून लावतात, आणि उरलेलं नायट्रेट पावसाबरोबर खाली वाहून जातं. शेतकऱ्यानं खत टाकलं तरी त्याचा काही भाग असा वाया जातो. म्हणून तिथं वसंतातला पहिला हप्ता बहुधा युरियाचा देतात. त्यातलं नत्र आधी अमोनियमच्या रूपात येतं आणि ते मातीच्या कणांना धरून राहतं. नुसती कोरडी थंडी असेल तर गवत कमी असतं, पण गाई बाहेर जाऊन आहे ते खाऊ शकतात. नुसता उबदार पाऊस असेल तर गवत वाढत असतं, फक्त तिथवर पोचता येत नाही. दोन्ही एकत्र आले की दाराला आतून आणि बाहेरून अशा दोन्ही कड्या लागतात.

मग गाई उशिरा का वीत नाहीत? इथं या शेतीच्या मांडणीतला धोका दडलेला आहे. तिथल्या बहुतेक गाई वसंतातच वितात, आणि त्याही सहा-सात आठवड्यांत दाटीनं. सहा आठवड्यांत कळपातल्या नव्वद टक्के गाई व्यायला हव्यात, असं लक्ष्य शेतकऱ्यांपुढे ठेवलेलं असतं. कल्पना अशी की, गाय व्याल्यावर तिची भूक जशी वाढत जाईल तसंच बाहेर गवतही वाढत जावं, म्हणजे विकतच्या खुराकाचा खर्च कमीत कमी राहील. गाभणकाळ सरासरी २८३ दिवसांचा असतो. म्हणजे फेब्रुवारीत वासरू हवं असेल तर आदल्या वर्षीच्या एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात गाय भरवावी लागते. एवढ्या आधी पुढच्या मार्चचं हवामान कोणालाही सांगता येत नाही. गाय भरवली त्या दिवशी पुढच्या वसंताविषयी पैज लागलेली असते, आणि ती मागे घेता येत नाही.

ही पैज आकड्यांत मांडता येते. हेक्टरी अडीच गाई धरा. व्यायलेली गाय दिवसाला साधारण सोळा किलो कोरडा चारा खाते, म्हणजे पाणी वजा करून धरलेला. हेक्टरी मागणी झाली रोज चाळीस किलो. डिसेंबर-जानेवारीत गवताची वाढ हेक्टरी रोज पाच किलोंच्याही खाली असते, मार्चच्या सुरुवातीला दहाच्या आसपास, आणि मे महिन्यात सत्तर-ऐंशीच्या वर जाते. ज्या दिवशी वाढ मागणीला गाठते, त्या दिवसाला तिथले शेतकरी आणि सल्लागार ‘जादूचा दिवस’ म्हणतात. चांगल्या वर्षी, दक्षिणेत, तो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. त्याच्या अलीकडचा प्रत्येक दिवस साठ्यातून काढायचा असतो. साठा दोन प्रकारचा असतो: शरदात मुद्दाम न चारता राखून ठेवलेलं उभं गवत आणि मुरघासाच्या ढिगात दाबलेलं गेल्या उन्हाळ्याचं गवत.

उभ्या गवताचंही वेळापत्रक असतं. सरकारी कृषिसंशोधन संस्था ‘चागस्क’ आणि तिचं कॉर्क परगण्यात फर्मॉयजवळचं मूरपार्क केंद्र यांनी शेतकऱ्यांना एक सोपा आराखडा दिला आहे. १ मार्चपर्यंत कुरणाचा तीस टक्के भाग चारून व्हावा, १७ मार्चला म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी साठ टक्के, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं. जो तुकडा आधी चारला तो आधी पुन्हा फुटतो आणि एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीला तयार असतो. पहिली फेरी लांबली तर दुसऱ्या फेरीला गवत नसतं, आणि शेवटी चारलेल्या तुकड्यांत जून, निकस गवत उरतं. पावसानं मार्चमध्ये वाया घालवलेले दोन आठवडे असे एप्रिलअखेर पुन्हा वर येतात.

नव्वद गाईंचं एक मध्यम शेत घेऊ. आयर्लंडमधल्या दूधउत्पादकाकडे आज सरासरी साधारण एवढ्या गाई असतात. गोठ्यात बांधून ठेवलेल्या गाईला दिवसाला सुमारे पन्नास किलो ओला मुरघास लागतो. नव्वद गाईंना झाला साडेचार टन. गाई तीन आठवडे जास्त आत राहिल्या तर पंचाण्णव टनांच्या आसपास मुरघास जादा जातो. तो काही तीन आठवड्यांत बनत नाही, गेल्या मे-जूनमध्ये कापून, कुट्टी करून, ट्रॅक्टरनं तुडवून, प्लॅस्टिकखाली दाबलेला असतो. पुरेसा नसेल तर विकत घ्यावा लागतो, आणि अशा वेळी आख्ख्या परगण्याला तोच हवा असतो. शिवाय मुरघास कितीही चांगला असला तरी वसंतातल्या कोवळ्या गवताची सर त्याला येत नाही. ताज्या व्यायलेल्या गाईला तो पुरत नाही. ती अंगातली चरबी जाळून दूध देते, खंगते, आणि पुढे मे महिन्यात माजावर यायला उशीर करते. खुराक वाढवावा तर त्याचं बिल येतं.

हिशेबाची दुसरी बाजू गाईच्या मागच्या बाजूला आहे, आणि मला वाटतं बाहेरच्यांना या सगळ्यात सर्वांत कमी कळते ती हीच. तिथले गोठे फटींच्या काँक्रीटच्या जमिनीचे असतात. शेण आणि मूत्र फटींतून खालच्या टाकीत पडतं आणि त्याची पातळ स्लरी साचते. एका दुभत्या गाईमागे आठवड्याला एक तृतीयांश घनमीटर, म्हणजे सव्वातीनशे लिटरांच्या वर. नव्वद गाईंची आठवड्याला तीस हजार लिटर. परगण्यानुसार सोळा ते बावीस आठवड्यांची स्लरी मावेल एवढी टाकी बांधणं कायद्यानं बंधनकारक आहे. हिवाळ्यात स्लरी शेतावर टाकायला बंदी असते. दक्षिणेकडे ही बंदी १२ जानेवारीला उठते, उत्तरेकडच्या काही परगण्यांत ३१ जानेवारीला. पण बंदी उठली तरी जमीन पाण्यानं भरलेली असेल किंवा पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर स्लरी टाकता येत नाही. आणि हे योग्यच आहे, कारण ती सरळ ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत, आणि नदीतले मासे मरतात. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात टाकीतली स्लरी फटींच्या हातभर खालपर्यंत चढली असताना, आणि आकाश उघडत नसताना, त्या घरात रात्री काय बोलणं होत असेल याची कल्पना करा. शेतावर टाकण्याआधी टाकीतली स्लरी ढवळताना हायड्रोजन सल्फाइड वायू उसळतो. त्यानं माणूस आणि जनावर काही क्षणांत दगावतात. म्हणून ढवळणं वाऱ्याच्या दिवशी, गोठा रिकामा करून करायचं असतं. पण जमीन चिखल झालेली असताना गोठा रिकामा करून गाई न्यायच्या कुठं?

सोडाव्यात तशाच कुरणात, असा विचार मनात येतोच. पाचशे-साडेपाचशे किलोंची गाय चालते तेव्हा तिचं वजन दोन-तीन खुरांवर येतं. खुराचं क्षेत्र तळहाताएवढं, त्यामुळे जमिनीवर पडणारा दाब ट्रॅक्टरच्या रुंद चाकापेक्षा जास्त असतो. ओल्या जमिनीत खूर घोट्यापर्यंत रुततो. गवताचे फुटवे गाडले जातात, मुळं तुटतात, आणि खुराच्या खड्ड्यात पाणी साचतं. बाजूची माती घट्ट होते, म्हणजे पुढचा पाऊस आणखी हळू निचरतो. अशा तुडवलेल्या कुरणाची वाढ पुढे कित्येक महिने घटलेली राहते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तण घुसतं. एका ओल्या दिवसाच्या चाऱ्यासाठी उन्हाळ्याचं गवत गमवायचं, हा सौदा कोणालाच परवडत नाही. आपल्याकडे काळ्या रानात पावसानंतर वापसा आल्याशिवाय औत घालत नाहीत. तिथं वापशाची वाट गाईच्या खुरासाठी पाहतात. अनुभवी शेतकरी सकाळी तुकड्यात जाऊन बुटाची टाच मातीत फिरवतो. टाच फिरताना पाणी वर आलं तर परत फिरतो.

यातून मार्ग काढण्याची एक पद्धत मूरपार्कच्या प्रयोगांतून पुढे आली आणि ती मला या सगळ्या विषयातली फार सुंदर गोष्ट वाटते. गाय चरते ती दिवसभर सारखी चरत नाही. भुकेली सोडली तर पहिल्या दोन-तीन तासांत ती अधाशासारखं खाते आणि मग हिंडते, उभी राहते, रवंथ करते. चिखल जास्त होतो तो या नंतरच्या हिंडण्यात. म्हणून गाईंना सकाळच्या धारेनंतर तीन तास आणि संध्याकाळच्या धारेनंतर तीन तास एवढंच कुरणात सोडायचं, आणि मधे गोठ्यात, तेही मुरघास न देता. एवढ्या सहा तासांत त्या जवळजवळ दिवसभर चरल्याइतकंच गवत खातात. यासाठी शेताची आखणीच वेगळी करावी लागते. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फाटकं हवीत, म्हणजे सगळा कळप एकाच दारातून जाऊन तिथं खळगा होणार नाही. तुकड्यात शिरायला अरुंद खडीची पायवाट हवी. आणि हलवता येणारी झटक्याची तार हवी, म्हणजे रोज ताज्या गवताची एक पट्टी तेवढी उघडी करता येते आणि कालच्या पट्टीवर कोणाचा पाय पडत नाही. आधी मागच्या टोकाची पट्टी चारायची आणि फाटकाकडे सरकत यायचं, म्हणजे चारलेली पट्टी पुन्हा तुडवली जात नाही. पाऊस सुरू झाला की निमूट जाऊन गाई परत आणायच्या. एका मार्चमध्ये हे किती वेळा करावं लागतं ते त्या घरातल्या माणसांच्या पायांनाच ठाऊक.

हे सगळं चालू असताना गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला रात्री-अपरात्री गाई वीत असतात. वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजायचा, नाळेला औषध लावायचं, कोरडा पेंढा टाकायचा. मुक्काम लांबला की पेंढाही संपतो. दमट, कोंदट जागेत वासरांना हगवण लागते आणि ती एकातून दुसऱ्यात पसरते. बाहेर सोडलेल्या गाईंना आणखी एक धोका असतो. कोवळ्या वसंतातल्या गवतात मॅग्नेशियम कमी असतं, आणि गाईच्या अंगात त्याचा साठा फारसा नसतो. गारठ्यात, पावसात, थोडं खाणं चुकलं की रक्तातलं मॅग्नेशियम घसरतं. गाय थरथरते, पडते, पाय झाडते, आणि वेळेवर सुई मिळाली नाही तर मरते. म्हणून पाण्याच्या टाकीत किंवा खुराकातून त्यांना रोज मॅग्नेशियम द्यावं लागतं. लोककथेतल्या त्या गाईला नेमकं काय झालं असेल, असा प्रश्न पशुवैद्याला विचारला तर तो बहुधा हेच कारण सांगेल.

२०१३चा वसंत तिथं अजून विसरलेला नाही. त्याआधीचा २०१२चा उन्हाळा इतका ओला गेला होता की मुरघास कमी झाला होता आणि जो झाला होता तो निकस होता. मग मार्च २०१३ आला. अनेक केंद्रांवर तो नोंदीतला सर्वांत थंड मार्च ठरला. गवत एप्रिलमध्येही हललं नाही. वैरण संपली, शेजाऱ्याचीही संपली, आणि शेवटी ब्रिटन आणि फ्रान्समधून जहाजांनी वैरण आणावी लागली. वाहतुकीच्या खर्चाला सरकारनं हातभार लावला. त्याच महिन्यांत आपल्याकडे, २०१२च्या अवर्षणानंतर, माण-खटावपासून बीडपर्यंत चारा छावण्या भरलेल्या होत्या. एकीकडे पाण्याचा थेंब नाही म्हणून जनावरं दावणीला, दुसरीकडे आधी पाणी आणि मग थंडी हटली नाही म्हणून. आपल्या शेतकऱ्याला ओला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. फक्त तो आपल्याकडे पीक कुजवतो, तिथं पीक डोळ्यांसमोर उभं असून जनावराला मिळू देत नाही.

२०१८मध्ये पुन्हा तेच झालं. फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या सुरुवातीला पूर्वेकडून आलेल्या थंडीच्या लाटेनं आणि ‘एमा’ वादळानं आख्खा देश बर्फाखाली गेला. बर्फ वितळलं तर त्यामागोमाग पाऊस. एप्रिलमध्ये वैरण आयातीच्या वाहतुकीसाठी सरकारी योजना जाहीर झाली. सहकारी दूध संघांनी वैरण मागवली. मे महिन्यात गवत उसळलं, आणि जूनमध्ये पाऊसच थांबला. २८ जूनला शॅनन विमानतळावर ३२ अंश तापमान नोंदवलं गेलं. हिरवा देश पिवळा पडला. वसंतात रिकामा झालेला मुरघासाचा ढीग ज्या महिन्यांत भरायचा, त्याच महिन्यांत कुरणं करपली आणि नव्या हिवाळ्यासाठी ठेवलेला चारा जुलैतच घालावा लागला. २०२३चा जुलै नोंदीतला सर्वांत ओला जुलै होता. तेव्हा लागलेली पावसाची रीघ २०२४च्या वसंतापर्यंत फारशी तुटली नाही. त्या वर्षी फार थंडी नव्हती, गवत होतं, पण जमीन पाय ठेवू देत नव्हती.

वर्षं अशी एकामागे एक ठेवली की हवामान बदललं एवढंच म्हणून थांबण्याचा मोह होतो. मला तो पुरता मान्य नाही. युरोपीय समुदायानं १९८४मध्ये लावलेला दुधाचा कोटा ३१ मार्च २०१५ला उठला. तोवर ठरलेल्या मर्यादेपलीकडे दूध घातलं तर आयरिश शेतकऱ्याला दंड बसू शकत होता. मर्यादा गेली आणि कळप वाढले. २०१०मध्ये देशात साडेदहा लाखांच्या आसपास दुभत्या गाई होत्या, २०२२पर्यंत त्या सोळा लाखांवर गेल्या. घरं तीच, बरीचशी जमीन तीच. दुधाचा पैसा आला, नव्या धारगृहांवर कर्जं झाली, मुलं शेतीत राहिली, आणि यातलं काहीच वाईट नाही. पण हेक्टरी दोन गाईंवरून अडीचवर जाताना फक्त मागणी वाढत नाही, उन्हाळ्यात कापून ठेवायला उरणारं गवतही कमी होतं. म्हणजे एकाच वेळी रोजची वैरण जास्त लागते आणि साठा लहान होतो. तीच टाकी लवकर भरते, तेच फाटक लवकर चिखलतं. पूर्वी जे शेत तीन आठवड्यांचा खराब मार्च निभावून नेत असे ते आता दहा दिवसांत टेकीला येतं. वाट पाहणं ही ऐपतीची गोष्ट आहे, आणि ती ऐपत बँकेत नसते, मुरघासाच्या ढिगात असते. ती कोणी एका दिवसात घालवली नाही. दर वर्षी चार-पाच गाई वाढवताना थोडी थोडी खर्ची पडली, आणि चांगल्या वसंतांच्या वर्षांत ती गेल्याचं कळलंही नाही.

यात माणसंही थकतात. २०२०च्या गणनेत तिथले एक तृतीयांश शेतकरी पासष्ट किंवा त्याहून जास्त वयाचे निघाले. दोन महिने तुटक झोप, अंगावर ओले कपडे, हातात नसलेल्या गोष्टीवर दिवसभर लक्ष, आणि दूधधंद्यात रविवार नाही. अशा वसंतांत तिथल्या कृषी संस्था चारा-सल्ल्याबरोबरच मन मोकळं करण्यासाठीचे फोन नंबरही जाहीर करतात, यात मला शहाणपण दिसतं. आपल्या इर्जिकीसारखी ‘मेहल’ नावाची जुनी रीत आयर्लंडमध्ये होती: शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कापणीला, गंजीला आळीपाळीनं जायचं. यंत्रं आली तशी ती बरीच ओसरली. तरी टंचाईच्या वर्षी कोणाच्या तरी अंगणात न मागता मुरघासाचे चार गठ्ठे येऊन पडतात. ज्याच्याकडे वैरण संपते तो सांगायला लाजतो, म्हणून शेजाऱ्यालाच गंजीकडे बघून ओळखावं लागतं.

उपाय माहीत आहेत आणि ते सगळे कष्टाचे आहेत. चागस्कनं २०११मध्ये भारी, चिकट जमिनींसाठी खास कार्यक्रम सुरू केला. त्यात शेतांवर जमिनीखाली निचऱ्याचे चर आणि खडी भरलेल्या नळ्या घालून पाहिल्या गेल्या. खर्च मोठा आहे आणि प्रत्येक मातीला वेगळी रचना लागते, पण ज्या तुकड्यांत पाणी साचत असे तिथं गाई काही आठवडे आधी जाऊ लागल्या. उतारावर, उंचावर, निचऱ्याच्या तुकड्यात शरदापासून गवत राखून ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. ओल्या शेतांनी विण्याचा काळ दहा-पंधरा दिवस पुढे ढकलावा, हाही सल्ला दिला जातो. यात दुधाचे काही दिवस जातात, पण कमी गवतात गाई खंगत नाहीत. आणि सर्वांत न आवडणारा उपाय म्हणजे चार गाई कमी.

तो निर्णय मार्चमध्ये घेता येत नाही. त्याची वेळ सप्टेंबर असते. मे अखेर पहिली कापणी झालेली असते, जुलैत दुसरी, आणि मुरघासाचे ढीग प्लॅस्टिकखाली टायरांच्या ओझ्यानं दाबलेले असतात. तेव्हा शेतकरी फीत घेऊन ढिगाची लांबी, रुंदी आणि सरासरी उंची मोजतो. एका घनमीटरात साधारण सात क्विंटल मुरघास धरतो. गाईमागे महिन्याला दीड टनाहून थोडा जास्त लागतो, तो गाईंच्या आकड्यानं आणि आपल्या भागातल्या हिवाळ्याच्या महिन्यांनी गुणतो, आणि त्यात एक महिना जास्तीचा मिळवतो. दोन आकडे जुळत नसतील तर विकत घ्यायची वैरण तेव्हा स्वस्त असते, आणि भाकड गाईला बाजारात गिऱ्हाईकही असतं.